आठ वर्षं आणि पुढे

बंदरावर त्यांना अलगदराव म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, पण त्या नावानं हाक मारायची कुणावर वेळ आली नव्हती. उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि जहाजावरचे कंटेनर उचलून धक्क्यावर ठेवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. एकदा आरशांनी भरलेला कंटेनर त्यांनी असा काही टेकवला की खाली उभ्या असलेल्या मुकादमाला तो टेकल्याचं कळलंच नाही. तो बराच वेळ "अजून खाली, अजून खाली" असा हात हलवत राहिला. तेव्हापासून हे नाव पडलं. आपण नावाबिवाला किंमत देत नाही असं अलगदराव म्हणत, पण तो किस्सा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागे.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला काम उरलं नाही. बायको घरीच कपड्यांच्या दुरुस्तीची कामं करायची: चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, कुणाचं पोट सुटलं की शिवण उसवून देणं. तिच्याकडे सकाळपासून माणसांची ये-जा असे. अलगदरावांकडे कुणी येत नसे. ते दार अलगद लावत, कप अलगद ठेवत, खुर्ची अलगद सरकवत. घरात माणूस आहे की नाही तेच समजत नाही, अशी बायकोची तक्रार होती.

त्यामुळे मुलीची बाळंतपणानंतरची लांबलेली रजा संपली आणि ती पुन्हा नोकरीवर जायला लागली, तेव्हा नात सांभाळायला अलगदराव एका पायावर तयार झाले. नात साडेतीन वर्षांची. आजीच्या शिवणाच्या डब्यात सतत हात घालायची म्हणून आजीनं तिचं नाव बटण ठेवलं होतं, आणि ते सगळ्यांनी उचललं. सकाळी ती बालवाडीत जाई. दुपारनंतर आठवड्यातले पहिले दिवस ती अलगदरावांकडे असे आणि उरलेले दिवस दुसऱ्या आजोबांकडे, म्हणजे अलगदरावांच्या व्याह्यांकडे.

व्याही हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांचा मुलगा, म्हणजे अलगदरावांचा जावईसुद्धा चारचौघांत कधीकधी सरच म्हणून जाई. सर एकटे राहत आणि बोलताना समोरच्याला समजलं का, हे मधूनमधून विचारून घेत. दोघा व्याह्यांचं वाकडं काहीच नव्हतं. लग्नात दोघांनी एकमेकांना आग्रहानं जेवायला वाढलं होतं आणि त्यानंतर दोघंही एकमेकांपासून सांभाळून होते.

सगळं सुरू झालं ते सरांनी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या एका फोटोवरून. फोटोत बटण जमिनीवर बसली होती आणि तिच्यापुढे ठोकळे जोडून केलेला आगीचा बंब होता. लाल, शिडीसकट. खाली सरांनी लिहिलं होतं: 'आज आम्ही बंब केला. खोक्यावर पाच वर्षं आणि पुढे असं लिहिलेलं आहे. असो.'

त्या 'असो'नं अलगदरावांची दुपारची झोप उडाली. फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. मग बायकोला दाखवला. बायको दातात दोरा धरून होती. तिनं नुसती मान हलवली.

संध्याकाळी अलगदराव खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाईंनी मूल किती वर्षांचं ते विचारलं आणि पुढे विचारलं की सध्या ती काय काय करते.

"हुशार आहे," अलगदराव म्हणाले.

बाईंनी खालच्या फळीवरून मोठ्या ठोकळ्यांची पिशवी काढली. एकेक ठोकळा साबणाच्या वडीएवढा. अलगदरावांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. हे तान्ह्या बाळांचं दिसतंय, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या नातीनं पाच वर्षांचं खोकं आजच हातावेगळं केलेलं होतं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग सहा वर्षांच्या पुढचं एक खोकं खाली काढलं आणि रंगीत कागदात बांधून देऊ का, एवढंच विचारलं.

त्या खोक्यात पेट्रोलपंप होता. पुढच्या आठवड्यात अलगदरावांनी तो सतरंजीवर ओतला तेव्हा बटणला फार आनंद झाला. तिनं दोन्ही मुठी भरून ठोकळे उचलले आणि पुन्हा ओतले. असं ती बराच वेळ करत राहिली. हे काही पुढे जाण्याचं लक्षण नव्हतं. अलगदरावांनी तिला चित्रांची पुस्तिका दाखवली, पहिला ठोकळा दाखवला, तो कशावर बसवायचा ते दाखवलं. बटणनं तो ठेवला, पण तो बसेना. तिच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. तिनं तळहातानं दाबला तर शेजारचे दोन निखळले. तेव्हा अलगदराव म्हणाले, थांब, एवढा मी लावतो.

तो 'एवढा' पेट्रोलपंपाच्या छपरापर्यंत गेला. अलगदरावांना कळलंच नाही. कित्येक महिन्यांनी त्यांच्या हातांना कुठली तरी वस्तू कुठे तरी नेमकी ठेवायची होती. बटण सुरुवातीला कंटाळली, पण मग अलगदरावांनी तिला कामाला लावलं. पुढचा रंग कोणता ते तिनं पुस्तिकेत बोट ठेवून सांगायचं. ती सांगे, "आता निळा." अलगदराव निळा लावत आणि म्हणत, "शाब्बास." पंप पूर्ण झाल्यावर त्यांनी तिला त्याच्यापुढे बसवलं आणि फोटो काढला. खाली लिहिलं: 'पेट्रोलपंप. सहा वर्षं आणि पुढे. फारसा वेळ लागला नाही.'

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सरांकडून आठवडा संपायच्या आत विमानतळाचा फोटो आला. खोक्यावर सात वर्षं लिहिलेली. अलगदरावांनी फोटोखाली शाबासकीचा अंगठा टाकला, कारण तसं न करणं वाईट दिसलं असतं, आणि पुन्हा दुकानात गेले. या वेळी त्यांनी आठ वर्षं आणि पुढेचं खोकं आणलं. त्यात अख्खं बंदर होतं: जहाज, धक्का, कंटेनर आणि क्रेन. खोकं इतकं मोठं की ते शिवणाच्या टेबलाखाली ठेवावं लागलं आणि बायकोला मशीन चालवताना पाय तिरके ठेवायला लागले. तिनं विचारलं की हे नक्की कोणासाठी आणलंय. अलगदराव म्हणाले, बटणसाठीच.

बंदराचा धक्का होऊन जहाज अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा मुलीचा फोन आला. रविवारी दुपारी घरी या, सरांनाही बोलावलंय, असं ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. अलगदरावांना वाटलं, मुलीला बढती मिळाली असावी.

बढती मिळाली नव्हती. मुलगी आणि जावई बालवाडीत पालकांच्या भेटीला जाऊन आले होते. जेवणं झाल्यावर मुलीनं सगळं सांगितलं. बालवाडीच्या बाईंनी विचारलं होतं की घरी बटणशी ठोकळे कोण खेळतं. मुलीनं अभिमानानं फोटो दाखवले होते: बंब, पंप, विमानतळ. बाईंनी ते लक्ष देऊन पाहिले आणि मग वर्गातली गोष्ट सांगितली. वर्गात ठोकळ्यांची टोपली आली की बटण एकाही ठोकळ्याला हात लावत नाही. ती कुणातरी मुलाशेजारी मांडी घालून बसते आणि त्याला सांगते, "आता निळा." त्यानं लावला की "शाब्बास" म्हणते. मग पुढच्या मुलाकडे जाते. एकदा तिनं दोघांना जवळ बसवून फोटो काढल्यासारखंही केलं होतं.

सरांनी चष्मा काढून पुसला. अलगदराव खिडकीकडे पाहत होते.

जावयानं आतून सरांच्या विमानतळाचं खोकं आणलं. ठोकळे सगळे सुटे करून ठेवलेले होते. त्यानं ते बटणपुढे ठेवलं आणि म्हणाला, कर बरं, सगळ्यांना बघायचंय.

बटणला यात अवघड काहीच वाटलं नाही. तिनं खोकं उघडलं, पुस्तिका बाहेर काढली आणि ती दोन्ही आजोबांच्या मध्ये जमिनीवर पसरली. सरांना डावीकडे बसायला सांगितलं, अलगदरावांना उजवीकडे. मग ती मध्ये बसली.

"आबा, चष्मा लाव," ती अलगदरावांना म्हणाली. "तू कर. मी बघते."

मुलीचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण ते रागानं की हसू आवरायला, हे अलगदरावांना ठरवता येईना. सर हळूच म्हणाले की मूल निरीक्षणातूनही शिकतं, हे सर्वमान्य आहे. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी पुढचं सर्वमान्य तोंडातच ठेवलं.

त्या दिवशी घरी आल्यावर अलगदराव शिवणाच्या टेबलासमोर बसले आणि बायकोला म्हणाले की मुलीनं उगाच गाजावाजा केला; पोर खुशीत होती, कुणाचं काय बिघडत होतं? बायको एका शर्टाची कॉलर उसवत होती. तिनं उसवणं थांबवलं नाही.

"बंदरावर नवीन पोरगा आला की तुम्ही त्याला लहान क्रेनवर बसवायचात," ती म्हणाली. "आणि स्वतः मागं उभे राहून हात पाठीशी धरायचात. त्याचा कंटेनर तिरका गेला तरी ते हात सोडायचा नाहीत. तुम्हीच सांगत होतात मला."

"ते वेगळं होतं."

"कसं?"

रात्री अंथरुणावर अलगदरावांना वाईट वाटलं, ते चोरी पकडली गेल्याचं नव्हतं. सरांपुढे मान खाली गेल्याचंही नव्हतं, कारण सरांचीही गेली होती. पोरीला काय येतं हे दुकानातल्या बाईंनी विचारलं तेव्हा आपण 'हुशार आहे' म्हणालो, आणि खरं म्हणजे आपल्याला ते माहीतच नव्हतं, याचं वाईट वाटलं. अजूनही माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ठोकळे काढले नाहीत. बटणनं मागितले, तर शिवणाचा डबा तिच्यापुढे ठेवला आणि खुर्ची ओढून नुसते बघत बसले. असं कुणाला बघायची त्यांना सवय होती. केबिनमधून खालचा माणूस कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे तेही त्यांना कळायचं. इथे मात्र ते प्रथमच बघत होते. कोटाचं मोठं बटण ती काजातून आरपार काढू शकत होती. शर्टाचं बटण घेतलं की तिची बोटं एकमेकांत अडकत आणि ती चिडून ते फेकून देई. रिळाचं झाकण फिरवून उघडता येई, बंद करता येत नसे. दाबायचं असलं की ती बोटं वापरत नसे, तळहाताची टाच वापरत असे, आणि तेव्हा जीभ बाहेर काढत असे. रिकामी रिळं मात्र ती एकावर एक छान रचायची, पडेपर्यंत. पडली की पुन्हा. पाडणं हाच तिला कामाचा मुख्य भाग वाटत असावा.

मग ते दुकानात गेले. बाईंनी त्यांना ओळखलं आणि वरच्या फळीकडे हात नेला. तिथे नऊ वर्षांच्या पुढचा किल्ला होता. अलगदराव म्हणाले, नको. आणि काउंटरवर हात ठेवून त्यांनी मोठं बटण, लहान बटण, झाकण, तळहात आणि जीभ हे सगळं सांगितलं. मागे एक गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, त्यानंही ऐकून घेतलं.

बाईंनी साबणाच्या वडीएवढ्या ठोकळ्यांची पिशवी काढली. हे तळहातानं बसतात आणि सहज निघतात, असं त्यांनी सांगितलं. यात पुस्तिका नाही, कारण यातून अमुकच व्हायला हवं असं काही नाही. थोडेच घ्या, ढीग दिसला की मुलं नुसती उधळतात. ते सोपं वाटून तिला कंटाळा यायला लागला, की मधल्या आकाराचे न्या. आणि खोक्यावरचं वय ही एक अटकळ आहे, असंही त्या म्हणाल्या; एखाद्याला ते दोन वर्षं आधी जमतं, एखाद्याला दोन वर्षं उशिरा, आणि पुढे दोघंही सारखेच विसरून जातात.

अलगदरावांनी पिशवी घरी आणली आणि सतरंजीवर मांडली. बटणनं ठोकळे पाहिले. एक उचलून अलगदरावांच्या मांडीवर ठेवला.

"तू कर," ती म्हणाली.

"आज मी नाही," अलगदराव म्हणाले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले.

बटणला हे पटलं नाही. तिनं दुसरा ठोकळा आणून ठेवला. मग तिसरा. मांडीवर जागा उरली नाही तेव्हा ती समोर बसून राहिली. दोघंही एकमेकांकडे बघत होते. मशीनचा आवाज थांबला होता, म्हणजे बायकोही बघत होती. बऱ्याच वेळानं बटण उठली आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशीही एवढंच झालं. फक्त जाताना तिनं आजोबांना सांगितलं की तुझं काम बाकी आहे.

अलगदरावांना हे फार जड गेलं. समोर ठोकळे पडलेले, आणि त्यातले दोन तर असे शेजारी शेजारी होते की नुसता अंगठा लावला असता तरी जुळले असते. हातांना मुंग्या आल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं वजन पेललं नव्हतं, असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, मांडीखाली घेतल्यावर मुंग्या येणारच.

तिसऱ्या खेपेला बटण कंटाळून ठोकळ्यांशी खेळू लागली. आधी तिनं ते रांगेत लावले, जोडले नाहीत. मग एकावर दुसरा ठेवला आणि जीभ बाहेर काढून तळहाताची टाच दाबली. तो बसला. तिनं तो उचलून पाहिला. खालचाही त्याच्याबरोबर वर आला. ती थबकली. हे तिनं आजवर दुसऱ्यांच्या हातात अनेकदा पाहिलं होतं, पण स्वतःच्या हातात ते वजन पहिल्यांदाच आलं होतं. तिनं तिसरा बसवला, तो तिरका गेला. अलगदरावांचा उजवा हात मांडीखालून निम्मा बाहेर आला. बायको खाकरली. हात परत गेला. तिरक्यावर बटणनं चौथा बसवला आणि सगळं कोसळलं.

ती खूश झाली. मग तिनं आजोबांकडे पाहिलं. ते तसेच बसलेले, घाम फुटलेला.

"शाब्बास, आबा," ती म्हणाली.

या वेळी फोटो कुणी काढला नाही. काढण्यासारखं काही उभंच नव्हतं.

सरांना हे जमायला जास्त वेळ लागला. त्यांनी आधी पाया रुंद का हवा हे तिला समजावून पाहिलं आणि समजलं का, असंही विचारलं. बटण म्हणाली, समजलं, तू कर. शेवटी मुलीनं दोघांकडचीही मोठी खोकी एका जागी आवरून ठेवायला सांगितली. बटणच्या घरी तेवढी जागा नव्हती. म्हणून एका दुपारी सर विमानतळाचं खोकं बगलेत मारून अलगदरावांच्या दारात उभे राहिले. नात त्या दिवशी इकडे नव्हती, तिकडेही नव्हती. आईनं रजा काढली होती. खोकं कुठे ठेवू, असं सरांनी विचारलं. अलगदराव म्हणाले, टेबलाखाली. टेबलाखाली अर्धं बंदर होतं. सरांनी वाकून पाहिलं.

"हे अपुरं राहिलंय," ते म्हणाले.

"हो."

"पुस्तिका आहे?"

पुस्तिका होती. संध्याकाळपर्यंत दोघं सतरंजीवर होते. जहाज शांतपणे झालं. क्रेनपाशी मतभेद झाले. पुस्तिकेत क्रेनचा तोल सांभाळणारं वजन ज्या बाजूला दाखवलं होतं तिथे ते असता कामा नये, असं अलगदरावांचं म्हणणं. खरी क्रेन अशी असती तर पहिल्याच कंटेनरला आडवी झाली असती. सरांनी कागदावर बाण काढून पाहिले आणि खोक्यातली क्रेन बरोबर आहे असं सिद्ध केलं. अलगदरावांनी तिला कंटेनर अडकवला. क्रेन उभी राहिली. त्यांनी दुसरा अडकवला. क्रेन आडवी झाली. दोघांचंही खरं ठरल्यामुळे वाद मिटेना, आणि तो पुढे चालू ठेवायला सर आठवड्यातून एकदा येऊ लागले. चहा झाल्यावर बायको त्यांना विचारायची की आज कोण वर आहे.

बटण मोठ्या ठोकळ्यांवर बरेच महिने रमली. मग एक दिवस ती ते बसवता बसवता खिडकीबाहेर बघताना अलगदरावांनी पाहिलं. हात आपले आपण चालले होते. ते उठून दुकानात गेले आणि मधल्या आकाराचे ठोकळे घेऊन आले. त्यांनी खोक्यावरचं वय पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि कुणाला सांगितलं नाही.

त्या ठोकळ्यांचं तिनं पहिलं घर केलं तेव्हा दोन्ही आजोबा हजर होते. घराला चार भिंती होत्या, प्रत्येक वेगळ्या उंचीची. वरती छप्पर बसवताना घर दोनदा ढासळलं आणि दोनदा उभं राहिलं. शेवटी छप्पर बसलं, जरा कलून. सरांनी घराला एक फेरी मारली. मागेपुढे वाकून पाहिलं. मग, दाराचं राहिलं वाटतं, असं ते म्हणायला लागले. अलगदरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण सरांना राहवलं नाही.

"या घरात माणसं जाणार कशी?" त्यांनी विचारलं.

बटणनं घराकडे पाहिलं, मग सरांकडे.

"ती आधीच आत आहेत," ती म्हणाली, आणि दुसरं घर करायला घेतलं.